वन्संबरोबर खाडीवर

५ जानेवारी, गुरुवार

वन्संचा फोन! हे गेल्यापासून पहिलाच. रविवारी खाडीवर पक्षी बघायला येशील का म्हणाल्या. मी पटकन हो म्हणून बसले. आता वाटतंय, कशाला? आम्ही नणंद-भावजय आयुष्यभर जेवढ्यास तेवढं. बोलायचं तरी काय?

६ जानेवारी

कारण कळलं. महिनाअखेरीला वन्सं घर सोडून परगावी मुलीकडे चालल्या आहेत. कायमच्या. गुडघे थकले, एकटीला झेपत नाही. त्याआधी एकदा खाडी बघायची आहे.

ह्यांची दुर्बीण कपाटातून काढली. पट्टा मानेपाशी झिजलेला. परत ठेवली. मग पुन्हा काढली.

८ जानेवारी, रविवार

उजाडता उजाडता पोचलो. फाटकावरचा पहारेकरी वन्संना ओळखतो. माझ्या मागे बघत राहिला — भाऊ कुठे राहिले? वन्संनीच सांगितलं त्याला.

लाकडी पुलावर त्यांनी माझा दंड धरला. असं कधी केलं नव्हतं त्यांनी. ओहोटी लागलेली, सगळा चिखल उघडा. लांब लाल पायांचे शेकाटे जपून पावलं टाकत होते, नवी चप्पल भिजेल अशा बेताने. एरवी मला सगळे बगळेच! वन्सं न चिडता एकेक दाखवत होत्या. मग धुकं विरलं आणि पलीकडे रोहित पक्ष्यांचा थवा. आधी वाटलं, पाण्यालाच गुलाबी रंग चढलाय.

बाकावर बसून थर्मासमधला चहा घेतला. ह्यांच्या हनुवटीवरचा व्रण सायकलवरून पडल्याचा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वन्सं म्हणाल्या, कसली सायकल! शाळेत असताना इथल्याच बांधावरून पडले, चमचा पक्ष्याच्या मागे धावताना. वन्संनी आपल्या फ्रॉकने रक्त पुसलं आणि सायकलची थाप दोघांनी मिळून ठरवली. ती बायकोपुढेही चालू ठेवली पठ्ठ्याने! हसून हसून चहा सांडला. मग मी सांगितलं, हे अंघोळ करताना तुतवार पक्ष्यासारखी शीळ घालायचे आणि शेजारची मांजर खिडकीत येऊन बसायची. वन्संना ठाऊकच नव्हतं. म्हणाल्या, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं.

त्या भरात बोलून गेले — दर रविवारी तुम्ही ह्यांना न्यायचात, मला फार राग यायचा.

वन्संनी रिकामा कप बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे तो आठवडाभर असायचा गं. माझ्या वाट्याला तेवढी रविवारची सकाळच उरली होती."

त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला.

९ जानेवारी

पोटऱ्या भरून आल्यात. डोळे मिटले की गुलाबी.

११ जानेवारी

वन्संकडे बांधाबांधीला गेले. प्रत्येक वस्तू माझ्यापुढे सरकवायच्या, हे तू ने, तेही ने. रिकाम्या भिंतीशी पाठ टेकून दोघी बसलो. जिभेवर आलेलं वाक्य तसंच गिळून परतले. भिडेपोटी हो म्हणाल्या तर? आणि नाहीच म्हणाल्या तर?

१३ जानेवारी, शुक्रवार

न राहवून भाचीलाच फोन लावला. म्हटलं, तुझी आई माझ्याकडे राहिली तर चालेल का तुला?

ती म्हणाली, "मामी, रविवारपासून आई हेच म्हणतेय. तुला विचारायचा धीर होत नाहीये तिला."

मागची खोली झाडायला घेतली.