नऊ खुंट्या

चि. वीरधवल यास,

आंब्यावरून पडून माझी मान मोडली, तेव्हापासून तुझं बंधुप्रेम लय वाढलंय. साताऱ्याला दर आठवड्याला माझ्या हातांची ताकद मोजतात, तिथं तू हजर! काल तिथं हातांचा व्यायाम घेणाऱ्या नीलिमाताईंनी लाकडी खुंट्या भोकांत बसवायला दिल्या. माझ्याकडून एकही बसेना, तसा तू म्हणालास, "ताई, सही न्हाई जमायची न्हवं? मग अंगठा चालंल की!" तू चहाला गेलास आणि मी नऊच्या नऊ बसवल्या. ताई हसल्या, "दादा, लय नाटकी आहात!"

सोमवारी मेढ्याला, माझी जमीन तुझ्या नावे करायच्या कागदासाठी, तू शाई आणशील. मी पेन मागणार आहे. ‘मान्य नाही’ एवढं लिहिता येतं.

हे पत्र पाठवत नाही. अक्षर ओळखशील.

तुझ्या लेखी लुळा,
जोतीरामदादा