अनूला कावीळ झालीच नव्हती

मीरा रोड,
२० फेब्रुवारी २००८

प्रिय शुभाताईस,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली आमसुलं मिळाली. इकडे पाण्याची बोंब आहेच, एक दिवसाआड येतंय. ह्यांची बदली पुन्हा रखडली. फोनच केला असता, पण फोन हॉलमध्ये आहे आणि अनू दिवसभर तिथेच पडून असते. म्हणून लिहितेय.

तू दोनदा विचारलंस, अनूची कावीळ उतरली का. मी 'हो, उतरतेय' म्हटलं. ताई, अनूला कावीळ झालीच नव्हती. ती शाळेत जात नाही, एवढंच त्यातलं खरं.

इंटरनेटवर ते ऑर्कुट असतं ना, तुमची सलोनीही असते त्यावर. नववीतल्या मुलींनी तिथे अनूच्या नावाने एक ग्रुप काढला. 'मिशीवाली'. सहलीतला तिचा फोटो लावला आणि खाली कोणीही यावं, काहीही लिहावं. तिच्या बाकावर बसणारी दिव्यासुद्धा त्यात होती.

मला हे आधी कळलं नाही. एकदा तिचा वरचा ओठ कापलेला दिसला. मी ओरडले, "बाबांच्या रेझरला हात कशाला लावलास?" का लावलास, हे विचारलंच नाही गं.

मग एक दिवस ती स्वतःच सांगायला आली. मी कुकर लावत होते. म्हटलं, "बघूच नकोस ते. कॉम्प्युटर बंद केला की संपलं." ती म्हणाली, "मला नाही दिसलं तरी बाकीच्यांना दिसतंच ना, आई." मला ते उलट उत्तर वाटलं. दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटची लाइनच काढून टाकायला लावली. वाटलं, चला, एक कटकट मिटली.

ती मग नया नगरच्या सायबर कॅफेत जाऊन बघायची. जेवण कमी झालं. आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. मी म्हणायचे, नववीत अभ्यास वाढतो, होतं असं.

जानेवारीत ती शाळेत म्हणून निघाली आणि पोचलीच नाही. दुपारी दारात खाडीकाठच्या मुर्धा गावची एक कोळीण उभी, सुगंधा नाव तिचं. अनूचा हात घट्ट धरलेला. म्हणाली, "सकालपासनं खाडीवर बसली व्हती. काय बोलत न्हाय, नुसती पान्याकडं बगते. आयकार्डावरचा पत्ता वाचून घेतला न् रिक्षात घालून आनली." मी तिला धड बसही म्हटलं नाही. शेजारी दारात आले होते, मला त्यांचीच पडली होती.

रात्री अनू मला एवढंच म्हणाली, "मला परत यायचं नव्हतं."

आता भाईंदरला एका डॉक्टरबाईंकडे नेतो. गोळ्या आहेत, बोलणंही असतं. त्यांच्यासमोर अनूने सांगितलं तेव्हा मला कळलं की त्या घाणीत रोज एकच मुलगी तिच्या बाजूने भांडत होती. तुझी सलोनी. आणि रोज रात्री अनूला वेगळ्या दोन ओळी लिहायची. लाइन काढली तेव्हा मी तेही तोडलं. सायबर कॅफेत शाळेतली मुलं मागून वाकून बघायची, म्हणून अनूने तिला तिथून कधी उत्तरच दिलं नाही. सलोनीला वाटलं असेल, अनू रागावली; हळूहळू तिचंही लिहिणं थांबलं. आणि अनूला वाटतंय, सलोनीला कंटाळा आला.

सलोनीला सगळं खरं सांग. मे महिन्यात अनूला तुझ्याकडे पाठवू का? तिच्याकडे कोणी निरखून बघू नका आणि मुद्दाम हसवायला जाऊ नका, एवढंच.

हे पत्र बंद करण्याआधी मी अनूला वाचायला दिलं. शेवटी मी लिहिलं होतं, 'आता ती बरी आहे.' तेवढी ओळ तिने खोडायला लावली. म्हणाली, "अजून नाही, आई. पण मावशीकडे जाईन मी." ह्या वेळी मी वाद घातला नाही. ओळ खोडली आहे.

उत्तर पाठव. पाकिटावर माझं नाव नको, तिचं घाल.

तुझी,
सुचेता