आखाजीचा दोर

फैजपूर,
रविवार, २० एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या सुलूचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दीपक, ज्योती आणि तुझा तो फोनवेडा नातू बरे असतील. इकडेही सगळे बरे आहेत. हे वाक्य मी सवयीने लिहून गेले. राहू दे तसंच, पुढे वाचशील तेव्हा तूच खोडशील.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. आमच्या घरात फोनवर बोललेलं चारही खोल्यांत ऐकू जातं, आणि व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन दिवसभर नातवाच्या हातात. म्हणून आमच्या पोरीच्या, दिपमालाच्या, अकरावीच्या वहीतली उरलेली पानं फाडून लिहिते आहे. परवा आमचा ड्रायव्हर अभिमन केळीची गाडी घेऊन धुळ्याला येणार आहे. त्याच्या हाती देईन. तू देवपूरच्या घरी एकटी असशील तेव्हाच उघड.

काल इथे चव्वेचाळीस होतं. बागेभोवती हिरवी जाळी बांधून झाली, तरी कडेच्या झाडांची पानं करपलीच. ह्यांचं सगळं लक्ष तिकडे. सासूबाई, आमच्या बेबाबाई, ओला पंचा डोक्यावर टाकून ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऊन किती झालं ते सांगतात. मी पन्हं केलं आहे. तुझ्यासाठी कैरीचं लोणचंही घातलं आहे, यंदा तिखट कमी.

बघ, लोणच्यापर्यंत आले. दोराचं अजून लिहिलं नाही.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "दोर कसाले धाडा वं?" लग्नाला तीस वर्षं झाली, पक्की धुळ्याची झालीस. मी म्हणाले, गच्चीवर कपडे वाळत घालायला होईल तुला. आबांनी अंबाडी भिजवून, सोलून, स्वतःच्या हाताने तीन पेडी वळलेला अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, बांधायच्या झोक्याचा दोर. माझ्या लग्नात आबा म्हणाले होते, दागिने होतील न होतील, पोरीच्या दारात झोका असला पाहिजे. तो मी केळीच्या खोक्यात तळाशी घालून, वर दोन घड रचून तुझ्याकडे पाठवला, कपडे वाळत घालायला! तुला ते पटलं नाही हे मला कळलं. तू पुढे काही विचारलं नाहीस, आणि मलाही तेव्हा तेच बरं वाटलं.

अक्का, मला तो दोर घरात नको होता. मला दिपमालाची भीती वाटते.

आता सगळं सांगते. दिवाळीपासून पोरगी बदलली. आधी वाटलं वय आहे, सोळावं लागलंय, तोंड फुगवायचेच दिवस. खायला बसली की दोन घास खाऊन उठायची. ज्योत्स्ना, तिची पहिलीपासूनची मैत्रीण, दारात येऊन हाका मारायची आणि ही आतून सांगायची, घरी नाही म्हण. कॉलेजातून आली की पडून राहायची. झोपायची म्हणावं तर डोळे उघडे. काय झालं विचारलं की "काही नाही, मूड नाही." कुणी बोललं का? नाही. कुणी त्रास देतं का? नाही. मग झालं काय? "कारण असतं तर सांगितलं असतं ना, मम्मी."

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. "पोरीले कोनाची तरी नजर लागेल हाय," म्हणाल्या. ह्यांनी नवा मोबाइल आणून दिला, दोन दिवस बरी राहिली. आणि मी ओरडत राहिले. तुला माझी जीभ ठाऊक आहे. पाहुणे आले असताना ही कोपऱ्यात मख्खासारखी बसली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "दिपे, तोंड सरळ कर."

ते तीन शब्द तोंडातून गेले आणि मी चहाचा ट्रे तसाच घेऊन परत आत गेले. का, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तू असतीस तर तुझ्याही लक्षात आलं नसतं, कारण मी हे तुला कधी सांगितलेलंच नाही.

थांब. आत पंखा चालू आहे, पण कूस बदलल्याचा आवाज आला नाही बराच वेळ. बघून येते.

झोपली आहे. श्वास मोजून आले.

त्या दिवसापासून माझं हे असं सुरू झालं. तिच्या खोलीची कडी बिघडली म्हणून काढून टाकली. बिघडली नव्हती. शेतातल्या खोलीत फवारणीची औषधं असतात, त्या खोलीला मोठं कुलूप लावून किल्ली मंगळसूत्रात अडकवली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायला लावली. हे म्हणाले, वीस वर्षं उघडी आहे, आताच काय झालं? मी म्हटलं, मांजर पडेल. तरी जाळी बसवली. दिवसा मी सतरा कारणं काढून तिच्या खोलीत जायची. कधी झाडू, कधी कपडे, कधी उगाच. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. वाटायचं, मी तो शब्द उच्चारला तर नसलेलं तिच्या डोक्यात घालेन.

आणि मग या महिन्याच्या सात तारखेला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिने आपणहून काही मागितलं. भाकरी करत होते. मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, यंदा झोका लवकर बांधू या का? दोर कुठे आहे?"

दुसरी आई आनंदली असती. माझी भाकरी तव्यावर जळाली. मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर माळ्यावरून दोर काढला आणि अभिमनच्या गाडीत घातला. घरात कुलूपबंद ठेवता आला असता, हे मलाही कळत होतं. पण त्याच छपराखाली तो आहे हे मला सहन होईना.

गुरुवारी संध्याकाळी येऊन बघते तर ती माळ्यावर. सगळी गोणपाटं उपसलेली, केसांत जळमटं. "दोर कुठंय?" मी म्हटलं, उंदरांनी कुरतडला, टाकून दिला. ती शिडीवरून खाली आली. हात झटकले. तिच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथे कडीची चार भोकं उरली आहेत. मग माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे. आणि अगदी हळू म्हणाली, "मम्मी, तू मला घाबरतेस?"

'माझ्यासाठी घाबरतेस' असं नाही म्हणाली, अक्का. 'मला', म्हणाली.

मी खाली बसले, शिडीजवळच. आणि विचारलं. कसं विचारलं ते आठवत नाही, पण शब्द सरळ होते. तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?

ओट्यावर सासूबाई कुणाला तरी ऊन सांगत होत्या. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दोनदा आलं होतं. दिवाळीनंतर एकदा, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी. मी काही केलं नाही. ते आलं याचीच मला इतकी भीती वाटली. पहिल्यांदा आलं तेव्हा तुला सांगायला मी बाहेर आले होते. पाहुणे होते. तू म्हणालीस, तोंड सरळ कर."

अक्का, आता कुंदनचं.

आपला धाकटा भाऊ, आणि आपण दोघी त्याचं नाव घेत नाही. घरात ठरलं होतं, विहिरीवर पाय घसरला. आबांनी तसं सांगितलं, आईने तसं ऐकलं, तूही धुळ्याहून आलीस आणि तसंच म्हणालीस. त्या साली आखाजीला तू बोदवडला माहेरी आली होतीस, त्याने याच दोरावर आपल्याला झोके दिले होते. तू किंचाळत होतीस आणि तो हसत होता. नंतर तू सासरी गेलीस. तू गेल्यावर चार दिवसांनी तो गोठ्यामागे माझ्याजवळ आला. सतरा वर्षांचा घोडा, आणि लहान पोरासारखा उभा. म्हणाला, "सुलू, मले आतून कसंतरी होते. सकाळी उठूशीच वाटत नाही." मी एकोणीस वर्षांची होते, शेणाचे हात होते, पाहुणे मला बघायला यायचे होते. मी म्हणाले, "तुझं रोजचंच आहे. तोंड सरळ कर आणि पाणी भर."

त्याने पाणी भरलं. सगळे हंडे भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी तो नव्हता.

सव्वीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. तुला आज पहिल्यांदा सांगते आहे, आणि समोर सांगायचं धैर्य नाही म्हणून पत्र आहे. मला माफ कर म्हणून लिहीत नाही. तुला तो माझ्याइतकाच होता, तुला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी ह्यांना दिपमालाचं सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. उठले, तोंड धुतलं, आणि म्हणाले, सकाळी जळगावला निघायचं. शुक्रवारी कापणीचे मजूर आलेले असताना बाग सोडून हा माणूस आला, यातच ओळख. तिथे मनाच्या डॉक्टर आहेत, चाळिशीच्या बाई. आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग आमच्याशी. म्हणाल्या, हा हट्ट नाही, नाटक नाही, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. झोपेची वेळ एकच ठेवा, सकाळी ऊन चढायच्या आत चालायला जा, मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत. मी विचारलं, मी विचारल्यामुळे वाढेल का? त्या म्हणाल्या, विचारल्याने वाढत नाही. तुम्ही विचारलंत, तेव्हापासून ती एकटी नाही. विष आणि विहीर कुलपातच असू द्या, म्हणाल्या, ते बरोबर केलंत. पण मुलीला अंधारात ठेवू नका, तिला सांगून करा.

दिपमालाने तिथेच त्यांना विचारलं, झोका बांधायचा की नाही? झोक्याचं तिचं कारण ऐक. "वर गेलं की पोटात गोळा येतो ना, तेवढा वेळ डोक्यातलं सगळं थांबतं. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होते." आणि मी तेवढंच घरातून काढून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, सगळे असताना बांधा, खेळा, आणि उतरवून ठेवा.

एक गंमतही सांगते, नाहीतर तू रडत बसशील. येताना गाडीत ती म्हणाली, "मम्मी, तू दर तासाला 'कशी आहेस' विचारत जाऊ नको. तापमान विचार." म्हणून आता सकाळ-संध्याकाळ मी विचारते, आज किती? पस्तीस म्हणजे बरं. बेचाळीस म्हणजे जवळ बस पण बोलू नको. पंचेचाळीसच्या वर म्हणजे कितीही रात्र असली तरी मला उठवायचं, पप्पांना उठवायचं, डॉक्टरांना फोन करायचा. तिने शब्द दिला आहे. परवाच्या शुक्रवारी, दवाखान्यातून आल्यावर, त्रेचाळीस होतं. काल चाळीस. सासूबाईंना वाटतं आम्ही हवेचंच बोलतो, आणि त्या मध्येच म्हणतात, "खोटं, त्याहून जास्त हाय."

पण तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. मी सुटले नाही. गोळ्यांना वेळ लागेल म्हणतात, आणि तो वेळ मला एकटीने काढवत नाही. दिपमाला हसली तरी मला भीती वाटते, कारण कुंदनही आखाजीला हसत होता.

आखाजी येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी आहे. तू यंदा दोन दिवस आधी ये. लेक माहेरी जाते, तशी माझ्याकडे ये, आईबाप आता आहेत कुठे आपल्याला? दोर घेऊन ये. खोक्यात तळाशी नको, हातात धरून आण. सकाळी ह्यांना सांगून आपण दारातल्या कडुनिंबाला बांधू, तू एक टोक धर, मी एक. दिवसभर तिला झोके देऊ. संध्याकाळी तिच्यासमोर उतरवू, आणि रात्री तो तुझ्या उशाशी राहील.

आणि अक्का, झोका खाली आला की मला तिला कुंदनमामाचं सांगायचं आहे. पाय घसरला ते नाही, खरं ते. तो वाईट नव्हता, आळशी नव्हता, त्याला आजार होता आणि त्याने सांगितलं तेव्हा ऐकणारीने ऐकलं नाही, एवढं. डॉक्टरांना मी आधी विचारणार आहे. पण सांगताना तू माझ्या शेजारी बसलेली हवीस. माझा आवाज गेला तर पुढचं तू सांग.

उठली वाटतं. पाणी पिते आहे. दारातून विचारलं, आज किती? "एकोणचाळीस. आणि तू काय लिहितेस एवढं?" मी म्हटलं, मावशीला लिहिते, दोर घेऊन ये म्हणून. ती म्हणाली, "उंदरांनी खाल्लेला?"

तुझी वाट बघणारी,
सुलू

ता. क. तिने जाता जाता मलाही विचारलं, "तुझं किती?" मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. सेहेचाळीस. ती माझ्याजवळ येऊन बसली आहे, बोलत नाही.