टोपीवाला मासा

प्रिय कोहेई,

फोनवर बोलायला लागले की तू 'ताई, मुद्द्यावर ये' म्हणतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. इथे तुला माझं बोलणं तोडता येणार नाही.

आईचं घर साफ करून झालं. भिंतीवर माझ्या खांद्यापर्यंत चिखलाची रेघ उमटली आहे, ती घासून जात नाही. चटया फेकून दिल्या. उमेबोशीची, त्या खारवलेल्या आलुबुखारांची, बरणी वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. आईच्या हातचं तेवढंच उरलंय. अर्धी बरणी तुला पाठवणार होते, मग नाही पाठवली. आहे मी कोत्या मनाची.

परवा कुरोदा काका आले होते. आठवतात ना, गावच्या कार्यालयातले, जाड चष्म्याचे? तुझ्याआधी गावाचं इंटरनेटवरचं पान तेच सांभाळायचे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, ना चित्र ना रंग. तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा पोट धरून हसलास, म्हणालास, "हे पान आहे की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी?" काकाही हसले होते तेव्हा. परवा मात्र चहा तसाच ठेवून म्हणाले, "नात्सुए, चिठ्ठी निदान वाचता तरी यायची गं."

तुझ्या पानाच्या उद्घाटनाला आई निळा किमोनो नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर नदीतला मासा गवताची टोपी काढून कमरेत वाकला आणि म्हणाला, 'कृपया थोडा वेळ थांबा'. सगळं सभागृह खुदकन हसलं. तू माइकवर सांगितलंस की पान उघडेपर्यंत लोक कंटाळू नयेत म्हणून हा मासा. उघडायला इतका वेळ लागतोच का, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आई आठवडाभर भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तो मासा दाखवत फिरली. "आमच्या कोहेईचा आहे हं! किती अदबीने वाकतो बघा!" नवं पान आलं म्हणून कार्यालयाने घरोघरी वाटायचे छापील कागद बंद केले. त्याचंही आपल्याला कौतुकच वाटलं.

वादळाच्या दिवशी दुपारी भोंग्यावरून सांगत होते की शाळेकडचा पूल बंद आहे, निवाऱ्याच्या जागा बदलल्या आहेत, यादी गावाच्या पानावर पाहा. पावसाच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, असं शेजारच्या हिराओबाई सांगतात. सगळं गाव एकाच वेळी फोन घेऊन बसलं. आईचा फोन सात वर्षांचा, त्यात नेटवर्कची एकच काडी. काकांनी नंतर तसाच जुना फोन घेऊन पाहिलं. अकरा मिनिटं मासा वाकतोय आणि सरळ होतोय, वाकतोय आणि सरळ होतोय. यादी त्याच्या खाली होती. चार ओळींची. आपल्या गल्लीसाठी चहा सोसायटीचं सभागृह लिहिलं होतं. घरापासून चढावर सहा मिनिटं.

हिराओबाई फोनच्या नादी न लागता सरळ डोंगराकडे पळाल्या. जाताना त्यांनी आईला हाक मारली होती. आई दारातून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मला सांगतायत आत्ता." कोण सांगतंय, हे त्या बाईंना कळलंच नाही.

मला कळलं. आपली आई एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसली. 'जरा थांबा हं' असं तिने ज्याला सांगितलं, त्याच्याकडे ती परत वळली नाही असं कधी झालं नाही. एकदा एका म्हाताऱ्याला थांबायला सांगून ती जेवायला गेली, आणि घास टाकून धावत परत आली, ही गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे. थांबा म्हणणारा आपल्याला विसरून जाईल, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ती उंबऱ्याशी सापडली. पायात बूट, पाठीवर पिशवी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला.

आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर जेवताना तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालास, "आई हट्टीच होती. निघा म्हटलं की निघायचं नाही, आयुष्यभर तेच." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तुझ्या पेल्यात चहा ओतत राहिले. तिचा फोन बंद पडला होता असं तुला मीच सांगितलं होतं, म्हणून तुला दोष तरी कसा देऊ? पण दिला, कोहेई. त्या दिवसापासून रोज देते आहे.

सोमवारी तुझा फोन आला. शेजारच्या तीन गावांना तसंच पान हवंय, मासा फक्त बदलायचा, कुणाला अस्वल, कुणाला बेडूक. मी अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र. आईचा फोन बंद नव्हता. तिने मला निरोप पाठवला होता, आणि मी कामावर होते, माझा फोन इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कपाटात पडला होता. तीन तासांनी पाहिला. ते माझं पाप, मी सांभाळीन. निरोप जसाच्या तसा लिहिते: 'कोहेईचं पान थांबा म्हणतंय, म्हणून थांबले आहे. पाणी अंगणात आलंय. पण पोराने सांगितलंय म्हणजे काहीतरी कारण असेल.'

तुझीच,
नात्सुए ताई