घरात दोन स्टो

पिंपरी, रविवार दुपार

प्रिय शकू,

चिरंजीव, सौभाग्यवती असं सगळं रीतसर लिहीत आशीर्वादापर्यंत पोचायला मला नेहमी अर्धं पान लागतं. आज तेवढा धीर नाही. आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. सकाळचं मळमळणं थांबलं आणि तू आता नीट जेवतेस, एवढं दत्तोबाकडून कळलं. तुझ्या सासरच्या कुरुळीचा माणूस माझ्याच पाळीला कामाला आहे, हे माझं मोठं नशीब. तो आठवड्याच्या सुट्टीला गावी निघालाय आणि हे पत्र त्याच्याच हाती द्यायचंय. तो दारात सायकलीला हवा भरतोय. मी दोन ओळी लिहितो, उठतो, पुन्हा बसतो. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आईमागे घर सांभाळणारी तू सासरी गेलीस तेव्हा सगळ्यांत आधी चुलीने मला हात दाखवला. शिफ्टवरून यायचं, ओली लाकडं, फुंकणी, डोळ्यांत धूर, आणि भात निम्मा कच्चा. कारखान्यात एवढा बॉयलर सांभाळणारा मी, पण घरची चूल काही माझं ऐकेना. अशातच तुझी ठकुआत्या, माझी अक्का, गावाहून आली आणि येताना स्थळ घेऊनच आली. कोरेगावकडची मुलगी, वयाने तुझ्याएवढीच. अक्का म्हणाली, "आरं, तुला भाकरी कोन थापून घालनार?" मी म्हटलं, भाकरीसाठी मला बायको नको. दुसऱ्या दिवशी निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडून पितळी स्टो आणला आणि तिच्यासमोर पेटवला. तिची सुपारी कातरून व्हायच्या आत चहा तयार. "यंत्राचा चहा, चव न्हाई," म्हणाली, आणि दोन कप प्यायली. पण मुलीचा विषय तिथे थांबला.

मग मला नादच लागला. डब्यांवर डबे रचायचा कुकर आणला. भात, वरण, भाजी लावायची, खाली निखारे ठेवायचे आणि कामावर जायचं, परत येईतो सगळं शिजलेलं. चहाला थर्मास आला. दळण गिरणीत. भाकरीचं तेवढं यंत्र कुणी काढलेलं नाही, म्हणून कॅम्पातून पाव आणतो. कधी थापतोही, पण ती भाकरी तू न पाहिलेलीच बरी. माझं कुणावाचून अडत नाही, हे अक्काला दाखवायचं होतं. ते दाखवून झालं.

आणि मग, शकू, मोठी पंचाईत झाली. दिवेलागणीच्या आधीच सगळं आटोपायला लागलं. पूर्वी संध्याकाळ कधी सरायची कळायचं नाही. आता ती समोर येऊन बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. मी स्टेशनापर्यंत जायचो, लोणावळ्याची गाडी गेली की परत यायचो. नदीवर जायचो, तिथेही बसवायचं नाही. भजनात बसलो तर अभंग संपायच्या आत पाय चाळवायला लागायचे. एकदा काहीही बिघडलेलं नसताना स्टो सगळा खोलला, पुसला, पुन्हा जोडला. समोरच्या अंबूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा स्टो घेऊन आल्या. वॉशर बदलून दिला. मग काय, कॉलनीतले खोकणारे, भडकणारे, हवा न धरणारे सगळे स्टो आपल्या ओट्यावर यायला लागले. हातांना काम मिळालं आणि मी जरा माणसात आलो.

मंजुळाबाई अशाच आल्या. आमच्याच कारखान्यात औषधाच्या बाटल्या धुण्याच्या खात्यात आहेत. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. भावाकडे, चिमाजीकडे, चिंचवडला राहायच्या. दिवसभर बाटल्या धुवायच्या आणि घरी गेल्यावर आठ माणसांचा स्वयंपाक. लष्कराचं जुनं सामान लिलावात निघतं, त्यातला एक स्टो त्यांनी घेतला होता. मी पंप बसवला, निपल बदललं, ज्योत निळी झाली. बाईंनी कौतुकाने स्टो घरी नेला. दुसऱ्या दिवशी तोच स्टो घेऊन परत हजर. पुन्हा बिघडला का, विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई. वहिनी म्हणते, घरात बाई असताना स्टो कशाला?"

पाऊस पडला नाही असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. रागही नाही, रडणंही नाही. मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस सोडेना. वॉशर कापताना आठवायचं, बॉयलरचा काटा बघताना आठवायचं.

त्यांनी विचारलं, स्टो इथंच ओट्यावर राहू द्याल का? मी हो म्हटलं. मग शिफ्ट सुटली की त्या यायच्या. आपला स्टो आपण पेटवायच्या, आपल्या पुडीतली चहापत्ती टाकायच्या, ओट्याच्या कडेला बसून एक कप चहा प्यायच्या, कप विसळायच्या आणि चिंचवडच्या वाटेला लागायच्या. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. आधी मी आत बसायचो. मग बाहेर बसायला लागलो. दार सताड उघडं, समोर रस्ता, पलीकडे अंबूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. लपवण्यासारखं काही नव्हतं, शकू, आणि लपवलंही नाही. स्टोचा आवाज एवढा की बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागे. तो बंद केला की आमचे आवाज आपोआप खाली यायचे. एकदा त्यांनी तुझ्या आईचं विचारलं. फुंकून फुंकून तिचे डोळे कसे कायम लाल असायचे, आणि तरी धुरात बसून ती तुला कविता कशी म्हणायला लावायची, ते मी सांगितलं. तू गेल्यापासून तिच्याबद्दल मी कुणाशी बोललोच नव्हतो.

माणसं बोलायला लागली. ते चिमाजीच्या कानावर गेलं आणि एका संध्याकाळी तो आला. रस्त्यात उभा राहून जे बोलला ते मुलीला लिहिण्यासारखं नाही. मग ओट्यावर चढला आणि बाईंच्या स्टोला लाथ मारली. रॉकेल सगळ्या ओट्यावर पसरलं. अर्धी कॉलनी दारात उभी. मी पुढे झालो, पण बाईंनी हाताने थांबवलं. त्यांनी स्टो उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "बघा जरा, पंप वाकलाय का."

चिमाजीने तिथंच सांगितलं, आता माझ्या घराची पायरी चढू नकोस. त्या चढल्या नाहीत. अंबूबाईंनी त्यांना आपल्या खोलीत घेतलं. आजही त्या तिथेच आहेत.

मी त्यांना विचारलं ते त्यानंतर थोड्या दिवसांनी, कारखान्याच्या फाटकाबाहेर. काय विचारलं ते तुला कळलंच असेल. त्या चालायच्या थांबल्या. "स्वयंपाकाला बाई हवी असेल तर मला विचारू नका. ते मी लई केलं." मी म्हटलं, माझा स्वयंपाक कुकर करतो, सगळ्या कॉलनीला माहीत आहे. "मग बाई कशाला हवी?" मी तसाच घरी आलो. पुन्हा तेच, स्टेशन, नदी, येरझारा. शेवटी सुचलं तेवढं जाऊन सांगितलं, की तुमची शिफ्ट सुटायची वेळ झाली की माझं कशात लक्ष लागत नाही. बाईंनी अट घातली. नोकरी सोडणार नाही. घरात दोन्ही स्टो राहतील, आणि ज्याची शिफ्ट आधी सुटेल त्याने पेटवायचा. मी कबूल केलं.

अक्का परवा पुन्हा आलीय. तिला सांगितलं तेव्हा ती भडकली. "मी पोरगी आनली तवा भाकरीला बायकू नको म्हनलास. मग आता कशाला पायजे?" थोरल्या बहिणीला काय सांगणार? स्टोला पंप मारत बसलो. आपल्यात विधवेला पुन्हा लग्न करता येतं, पाट पूर्वीपासून लागतो, हे तिलाही ठाऊक आहे. पण तुझ्या सासरच्यांनी ती रीत टाकली, त्याला कमीपणा मानतात, हेही तिला ठाऊक आहे. उद्या सकाळच्या एसटीने ती चाकणला उतरून कुरुळीला येणार आहे. तुझे सासरे उद्धवराव सरळ माणूस, पण वडीलधाऱ्या बाईचा शब्द ते मोडत नाहीत. बापाचं डोकं ठिकाणावर येईतो शकूला बाळंतपणाला माहेरी धाडू नका, असं ती त्यांना सांगणार आहे. ते तिने मला तोंडावर सांगितलंय. म्हणून ही घाई. अक्काच्या आधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. मंजुळाबाईही तेच म्हणाल्या, शकूनं दुसऱ्याकडून ऐकलं तर मी त्या घरात कायमची परकी राहीन.

गुरुवारी आळंदीला पाट लागायचा आहे. तुझी परवानगी मागत नाही, बापाने मुलीकडे ती मागू नये आणि मुलीवर ते ओझं टाकू नये. पण बुधवारी मी रजा टाकून कुरुळीला येतोय. उद्धवरावांच्या ओसरीवर बसून त्यांच्या तोंडावर सगळं सांगेन, ते बोलतील ते ऐकून घेईन. तुला सासरच्या माणसांसमोर काही बोलावं लागू नये. तू फक्त पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर ये आणि माझ्यासमोर ठेव, मला कळेल. दुसऱ्या कुणी पाणी आणलं तर तेही कळेल. मी रागावणार नाही, पाणी पिऊन उठेन, आणि गुरुवारी आळंदीला जाईन. पण शकू, तो सगळा रस्ता मी कसा चालेन, ते मला आत्ता सांगता येत नाही.

तुझाच,
तात्या