शाई न लागलेलं बोट

खांदा कॉलनी, पनवेल
मतदानानंतरचा मंगळवार

तीर्थरूप दाजी आणि ताई, दोघांनाही वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्ध्यापर्यंत अंगाने वाकलो, पुढचं मनाने). ताईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही उरणहून पाठवलेली सुकट पोचली. घरात पोचली, जिन्यातही पोचली. आभारी आहे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी सोडून.

मागे तुम्ही विचारलं होतंत, साठेक मतदारांच्या तुझ्या सोसायटीतून मत द्यायला आठ-नऊच जण कसे जातात? दाजी, हा आळस नव्हे हो, शिस्त! आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भगवानशेठ त्या बाजूचे, मी ह्या बाजूचा. दोघंही गेलो तर त्यांचं मत माझं खाणार आणि माझं त्यांचं. मग उन्हात रांग कशाला? म्हणून अठरा वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, दोघांनीही घरी बसायचं, फिट्टंफाट! दुपारी त्यांच्याकडे मटण. ही युक्ती मग केतन आणि त्याच्या बायकोने, रंजिताने उचलली (एका घरात दोन पक्ष आणि रिमोट एक), आणि हळूहळू सगळ्या सोसायटीने जोड्या लावून घेतल्या. ज्यांना विरोधक मिळाला नाही, ते बिचारे तेवढे मत देऊन येतात.

पण ह्या वेळी चुरस फार. दोन-चार मतांनी निकाल लागणार असं जो तो म्हणत होता, आणि माझ्या मनात पाप आलं. पाप तरी कोणाशी? आमच्या हिच्या, नीताच्या, ऑपरेशनच्या वेळी अकरा दिवस जो माणूस माझ्याआधी दवाखान्यात हजर असायचा, डबा घेऊन, त्या भगवानशेठशी! लाज वाटत होती, तरी सकाळी सातला दुधाची पिशवी हातात धरून (बहाणा) मागच्या रस्त्याने शाळेत गेलो. पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि टेबलापाशी कळलं, यादीत माझं नावच नाही. तिथल्या भल्या माणसाने मोबाईलवर शोधलं. नाव होतं, उरणला, तुमच्या पत्त्यावर! लग्नाआधी तुमच्याकडे राहून नोकरी करत होतो, तेव्हाचं. रेशनकार्ड बदललं तेव्हा मतही सामानाबरोबर पनवेलला आलं, असं मी धरून चाललो होतो. अठरा वर्षांत मत द्यायला एकदाही गेलो नाही, मग कळणार कसं? आता नीट ध्यानात घ्या, दाजी. भगवानशेठचं खरंखुरं मत मी अठरा वर्षं घरी बसवलं आणि बदल्यात माझं नसलेलं मत घरी बसवलं. वर मटणही त्यांचंच.

तोंड लपवत बाहेर रस्त्यावर येतो तर मागोमाग फाटकातून साक्षात भगवानशेठ, बोटाला ताजी शाई! मला पाहून पांढरेफटक पडले. त्यांनी आधी माझं बोट पाहिलं, कोरं. मग पिशवी पाहिली. मी दुधालाच निघालोय असं त्यांनी धरलं आणि भर रस्त्यात माझे दोन्ही हात धरले. "शैलेशभाऊ, तुमी शब्दाला जागलात नि मी फसवला तुमाला. माफी करा." मी ‘दूध संपेल’ म्हणत सटकलो. भित्रा म्हणा, नाहीतर काय.

संध्याकाळी पाहतो तर सगळ्या सोसायटीची बोटं काळी. केतन व्यायामाला म्हणून गेला होता, रंजिता भाजीला. एकमेकांना चुकवून सगळेच जाऊन आले! कोरं बोट माझं एकट्याचं. तेव्हापासून मी इथला देवमाणूस झालो आहे. भगवानशेठ रोज करंजा बंदरावरून ताजी मासळी आणवतात, आणि येत्या रविवारी ‘वचनाला जागणारा एकमेव’ म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. शाल तेच घालणार आहेत. दाजी, पापलेट घशाखाली उतरत नाही हो (उतरतं, पण सावकाश).

ताईला नमस्कार. असे शेजारी मिळाले, हे माझं भाग्य. मी त्यांना मिळालो, हे त्यांचं नशीब.

तुमचा मेहुणा,
शैलेश

ता. क. खरं काम इथे लिहितो. रविवारी सत्काराच्या आधी तुम्ही या आणि भगवानशेठना सगळं सांगून टाका. माझी जीभ रेटत नाही. तुम्ही वयाने मोठे, तुमच्यावर ते चिडणार नाहीत. अठरा वर्षं जोडलेलं माणूस तुटेल ह्या भीतीने मला झोप नाही.

आणखी एक ता. क. येऊ नका. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात भगवानशेठ बोंबील घेऊन आले आणि मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं, रांग, यादी, अठरा वर्षं, सगळं. त्यांनी बोंबील खाली ठेवले आणि ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मी आत गेलो, बटनावर बोट नेला, नि तुमचा तोंड समोर आला. म्हटला, तो बिचारा माझ्यापायी घरी बसलाय. मंग तुमच्याच मानसाला दिला मी मत."

मी पाय धरायला वाकलो (पूर्ण वाकलो, दाजी, कंबरेसकट). तर मला उठवत म्हणाले, "पाय सोडा नि आधी यादीत नाव घाला. पुढल्या टायमाला दोगं संगती जाऊ. तुमी तुमचा द्या, मी माझा देतो."