गुरुवारची पाळी

१५ जून १९३६, सोमवार

दहावीत नाव लागले. वर्गात सगळ्यांत मोठा मीच! मला मिशा फुटल्या आहेत आणि शेजारी बसतो त्या वकिलाच्या मुलाचा अजून आवाजही फुटलेला नाही. चौथीनंतर बाने शाळेतून काढून मोटेवर घातले, ती वर्षे काही केल्या भरून येत नाहीत. हजेरीच्या वेळी मागून कोणी तरी म्हणाले, "काकाजी, नमस्कार!" सगळे हसले. इंद्रभानही हसला. माझा सख्खा चुलत भाऊ, माझ्याहून लहान, आणि एकाच वर्गात. त्याचे हसणेच जास्त लागले.

१७ जून

मॅट्रिकसाठी विषय निवडायचे होते. हेडमास्तर म्हणाले, पुढे कॉलेजात काय करायचे ते आत्ताच ठरवा, मग मागे फिरता येत नाही. मी संस्कृत लिहून दिले. खरे कारण इथे तरी लिहावे — पहिल्या बाकावरच्या मुलांनी ते घेतले म्हणून. दुसरे काही नाही.

इंद्रभानने शास्त्र घेतले. विचारले, "काहून?"

"त्या खोलीत काचेच्या नळ्या हायेत ना बे!"

एवढ्यावर जन्माचा निर्णय!

२१ जून

दोन वर्षांचे वेळापत्रक करून भिंतीला लावले. पहाटे संस्कृत, शाळेतून आल्यावर गणित, मोटेवर आमची पाळी असेल त्या दिवशी फक्त पाठांतर. मग मॅट्रिक, मग अमरावतीचे कॉलेज, मग बी. ए. सगळ्यांत खाली लिहिले — शाळा तपासणारा डेप्युटी. इंद्रभान वाचून म्हणाला, "डेप्युटीसाहेब, तुमच्या येळापत्रकात झोप कुठं हाय?"

खरोखरच राहिली होती. तो गेल्यावर घातली.

९ ऑक्टोबर

विहीर आजोबांनी खोदली. मळा दोन मुलांत वाटला, विहीर कशी वाटणार? तेव्हापासून एक दिवस आमची मोट, एक दिवस काकांची. काका दोन वर्षांमागे वारले, आता त्यांची पाळी इंद्रभान एकटा ओढतो. बैल हाकता हाकता मोठमोठ्याने रसायनशास्त्र म्हणतो! त्याची आई, हौसाकाकू, वाफ्यात पाणी वळवत असते. आज म्हणाली, "याच्या संगतीनं बैल पास होतीन पयले."

मी दार लावून वाचत होतो. तरी त्याचे पाठांतर ऐकू येत होते, आणि माझे होत नव्हते.

४ डिसेंबर १९३७

चाचणीचे निकाल. इंद्रभान वर्गात दुसरा. मी अकरावा.

माय म्हणाली, "दोघंबी पास ना? मंग तोंड पाडून काहून बसला?"

तिला काय सांगू? तो नापास व्हावा असे मला वाटत नाही. तो माझ्या मागे असावा, एवढेच वाटते. हे लिहितानाही लाज वाटते.

१५ मार्च १९३८

गणिताचा पेपर. बाहेर येऊन कोणाशी बोललो नाही.

११ मे

हेडमास्तरांनी दोघांना घरी बोलावले. अमरावतीला आपल्या मळेकरी लोकांनी मुलांसाठी बोर्डिंग काढले आहे, राहणे-जेवणे फुकट. तिथे जागा मिळाली तर कॉलेज. नाही तर आमच्यासारख्यांना कॉलेज कुठले! बोर्डिंगचे चिटणीस दौऱ्यावर आहेत, गुरुवारी एकोणीस तारखेला आपल्या इकडच्या मालेगावला धर्मशाळेत मुलांना भेटतील. "दोघांची नावं कळवली आहेत. दोघंही जा," हेडमास्तर म्हणाले. "किती घेतात ते सांगता येत नाही. मागच्या साली मेहकराकडचा एकच घेतला होता."

एकच! घरी येईपर्यंत तेवढेच डोक्यात.

इंद्रभान म्हणाला, "शेलूबाजारचा मामा मिरगापासून आमच्याकडे राह्यला येते म्हनते. मोटेची काळजी मिटली. आता फक्त जागा पायजे." वाटेत गात होता.

१६ मे, सोमवार

संध्याकाळी इंद्रभान बांधावर आला. बुधवारची पाळी आमची, गुरुवारची त्याची. मामा अजून आलेला नाही आणि लग्नसराईत रोजदार मिळत नाही.

"चंपत, बुधवार मले दे, गुरुवार तुमी घ्या. मंग दोघंबी जाऊ मालेगावले. रस्त्यानं तू मले इंग्रजी इचार, मी तुले गणित इचारतो."

किती सोपी गोष्ट. बुधवारी त्याची वांगी भिजली असती, गुरुवारी बाने आमची मोट हाकली असती. कोणाचे एक पान वाळले नसते.

मी म्हटले, "बाले इचारतो."

१७ मे, मंगळवार

बाला विचारले नाही.

इंद्रभानला सांगितले, "बा नाई म्हनते. आज्यानं लावलेली पाळी हाय, एकडाव मोडली का मंग रोजचंच होते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "मोठे काका म्हनले असं?"

"हो."

"बरं."

काका होते तेव्हा या विहिरीवरून दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. काका गेल्यावरच बा त्यांच्या अंगणात जाऊ लागला. म्हणून इंद्रभान विहिरीची गोष्ट घेऊन बाकडे जाणार नाही, हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच बाचे नाव घेतले.

१८ मे

आमची पाळी. झरा अगदी बारीक, दुपारीच मोट तळाला घासू लागली. एका दिवशी विहीर उपसली की दुसऱ्या दिवशीपर्यंत जेमतेम भरते. इंद्रभानची पाळी उद्या चुकली तर त्याची वांगी थेट शनिवारपर्यंत कोरडी. आणि हा वैशाख! वांगी फुलावर आहेत. तो ती टाकून येणार नाही.

बा बैल फिरवताना म्हणाला, "उद्या इंद्रभान बी चालला असन ना तुह्यासंगं?"

अजून वेळ होती. एक शब्द बोललो असतो तर झाले असते.

"मालूम नाई," म्हटले.

१९ मे, गुरुवार

पहाटे निघालो. वाट विहिरीवरून जाते. मी नाल्याकडून फिरून गेलो, तरी मोटेचा आवाज आलाच. बैलांना हाकारत होता. आज रसायनशास्त्र म्हणत नव्हता.

मालेगावला पोचलो तेव्हा उन्ह माथ्यावर. चिटणीस साधे गृहस्थ, अंगात बंडी, हातात पंखा. माझे वय विचारले. सांगितले, आणि न विचारताच पुढे म्हणालो, मध्ये मोटेवर होतो. ते म्हणाले, "मीही होतो. लाजायचं काय त्यात?" मग इंग्रजी वाचायला लावले. बरे वाचले असावे.

मग म्हणाले, "हेडमास्तरांनी दोन नावं कळवली होती. तुझा भाऊ कुठं आहे?"

"त्याला घरची कामे आहेत."

"शिकायचं नाही का त्याला पुढं?"

मी खाली पाहिले. ते थांबले होते. मी खालीच पाहत राहिलो. मग ते म्हणाले, "असं आहे तर," आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

घरची कामे आहेत — यात खोटे काही नाही. येताना वाटभर हेच घोळवत आलो. खोटे काही नाही. खोटे काही नाही. जऊळक्याच्या फाट्याला एका म्हातारीने पाणी पाजले आणि म्हणाली, "बाप्पा, कोनी मेलं का रे?"

२० मे

इंद्रभानने आवाज दिला, "काय मग, डेप्युटीसाहेब? काय इचारलं?"

सांगितले.

"माह्याबद्दल इचारलं काय?"

"नाई."

हे मात्र सरळ खोटे.

२२ मे, रविवार

आज जे झाले ते लिहवत नाही, पण लिहितो.

हौसाकाकू घरी आली होती. बा समोर बसला होता. बा तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून ती त्याच्याशी थेट बोलत नाही. पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून मायला म्हणाली, "जाऊबाई, सांगा त्याईले, आमच्या मनात काई नाई. पाळी बदलाले नाई म्हनले ते बरोबरच हाय. आज्याची रीत हाय, मोडू नये. पोरगं मालेगावले नाई गेलं तं नाई गेलं."

मायला काहीच माहीत नव्हते. ती बाकडे पाहू लागली. बाने माझ्याकडे पाहिले. मी उंबऱ्यावर होतो, उठता येईना. बा सांगेल आता, मला असले काही कोणी विचारलेच नव्हते म्हणून!

बा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग मायला म्हणाला, "तिले म्हना, चुकलंच माहं."

काकू पदराने डोळे पुसून गेली. बाने माझा गुन्हा आपल्या अंगावर घेतला — आणि तोही ज्या घराशी मोठ्या मुश्किलीने जुळले होते, त्या घरासमोर.

ती गेल्यावर बा मारेल वाटले. मारले असते तर बरे झाले असते. चप्पल घालताना एवढेच म्हणाला, "मी हो म्हनलं असतं रे."

२३ मे

बा माझ्याशी बोलतो. बैल, पाणी, वैरण. त्यापलीकडे नाही.

२९ मे

इंद्रभानला सगळे सांगायचे म्हणून गेलो. तो वांगी तोडत होता. "ये, टोपली धर," म्हणाला. धरली. टोपली भरली, मी घरी आलो.

१४ जून

निकाल लागला. इंद्रभान दुसऱ्या वर्गात. मी तिसऱ्या वर्गात, तोही गणितात काठावर.

त्याच दिवशी टपालाने बोर्डिंगचे कार्ड आले. मला घेतले! मायने देवापुढे साखर ठेवली. इंद्रभान धावत आला, मला उचलून गरागरा फिरवले. "पाह्यलं का काकू, जागा आपल्याच मळ्यात आली!" — आपल्याच! मी हसलो. हसता आले याचेच नवल वाटते.

बा म्हणाला, "बरं झालं." आणि गोठ्यात गेला.

२० जून

शेलूबाजारचा मामा आला, ठरल्याप्रमाणे. धडधाकट माणूस. आता एका मोटेवर मामा-भाचे दोघे. मामा आमच्या ओट्यावर येऊन विचारत होता, "पोरगं कालेजात जानार म्हनून बोलावलं होतं मले. मंग हे इथंच काहून?"

इंद्रभान म्हणाला, "मामा, तुमची याद आली म्हनून बोलावलं."

मामा हसला. बा उठून आत गेला.

३ जुलै, रविवार

उद्या निघायचे. इंद्रभान माझी वळकटी बांधून गेला. "शास्त्राच्या खोलीत जाऊन पाय बरं," म्हणाला. "तिथं कोनत्या नळ्या हायेत ते लिहून धाड." मग वळकटी उचलून पाहत, "पुढच्या सालची पाहू."

आत्ताच सांगायचे होते. तोंड उघडलेही. "गाठ ढिली हाय," एवढेच म्हणालो.

त्याने सोडून पुन्हा घट्ट बांधली.

६ जुलै

अमरावती. कॉलेजात नाव दाखल झाले. इमारत फार मोठी आहे. नळ्या पाहिल्या नाहीत.

११ जुलै, सोमवार

माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरीवर कोणी येईना म्हणून आज चिटणीसांना विचारले. म्हणाले, "ती तुझ्या भावाची. हेडमास्तरांनी इतकं लिहिलं होतं त्याच्याविषयी, तुम्हा दोघांनाही घेणार होतो. पण घरची कामं आहेत म्हणालास, म्हणून मग त्याला कळवलं नाही."

कॉलेजचे प्रवेश शनिवारी बंद झाले.